दोन दिवसांचं बोर्ड गेम कन्व्हेन्शन: जागा कुठे घ्यावी आणि येणाऱ्याला किती पडेल

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरला शंभरेक खेळाडूंचं दोन दिवसांचं टेबलटॉप कन्व्हेन्शन (टेबलावर मांडून खेळायच्या खेळांचा मेळावा) भरवायचं ठरलं, की पहिली फोनाफोनी होते ती हॉलच्या भाड्यासाठी. खरं तर भाडं ही नंतर पाहायची गोष्ट आहे. बाहेरगावाहून येणारा खेळाडू जेवढे पैसे खर्चतो, त्यात तुमचं तिकीट सगळ्यांत मोठा आकडा असलं तरी ते एकूण खर्चाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढंच असतं (पुढे हिशेब मांडला आहे). बाकीचा पैसा प्रवास, मुक्काम, जेवण आणि रिक्षात जातो, आणि तो किती जाणार हे बऱ्याच अंशी तुम्ही हॉल कुठे घेता त्यावर ठरतं. स्वस्त हॉल घेऊन माणसांना महागात पाडणं फार सोपं आहे.

आधी टेबलं मोजा

हॉलवाला क्षमता सांगतो ती खुर्च्यांची रांग लावून. "पाचशे माणसांचा हॉल" म्हणजे पाचशे खेळाडूंचा हॉल नव्हे. टेबलापासून हिशेब सुरू करा.

मंडपवाल्याकडे मिळणारं सहा फूट बाय अडीच फुटांचं घडीचं टेबल हे आपलं एकक. त्यावर चार-पाच जण आरामात खेळतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्चीसाठी अडीच-अडीच फूट आणि मागून जाण्यायेण्यासाठी तीन फूट धरले, तर एका टेबलाला साधारण साडेदहा फूट बाय आठ फूट, म्हणजे ८४ चौरस फूट लागतात. शंभर माणसांसाठी खेळाची २४ टेबलं, म्हणजे सुमारे २,००० चौरस फूट. नोंदणी, विक्रेते आणि बॅगा ठेवायची जागा मिळून आणखी ५०० ते ६००. एकूण २,५०० ते २,६०० चौरस फूट, मध्ये खांब नसलेले. टेबलं मात्र ३० मागवा. उरलेली सहा नोंदणी, गेम लायब्ररी (खेळाडूंना खेळायला द्यायच्या गेमचा साठा) आणि विक्रेत्यांकडे जातात.

टेबलाची रुंदी स्वतः टेप लावून मोजा. मंगल कार्यालयातली पंगतीची टेबलं लांब असतात, पण रुंदीला बरेचदा दीड फूटच. 'तिकीट टू राइड' या रेल्वेच्या खेळाचा बोर्ड साधारण ३१ इंच लांब आणि २१ इंच रुंद आहे. पंगतीच्या टेबलावर तो दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो, आणि कुणाच्या कोपराचा धक्का लागला की सगळे डबे खाली. अडीच फुटी टेबलावर तोच बोर्ड बसतो आणि दोन्हीकडे साडेचार इंच पत्त्यांसाठी उरतात. 'वॉरहॅमर ४०,०००'सारख्या मिनिएचर (लहान पुतळ्यांचं सैन्य मांडून खेळायच्या) खेळाला ६० बाय ४४ इंचांचं मैदान लागतं. त्यासाठी दोन टेबलं लांबीला लांबी लावून जोडा, म्हणजे सहा फूट बाय पाच फूट जागा होते आणि फासे आणि कोडेक्स (सैन्याच्या नियमांचं पुस्तक) ठेवायला कडेला पट्टा राहतो. हॉटेलातली गोल टेबलं टाळा. बोर्ड मधोमध ठेवला तर हात पोचत नाही, एका कडेला सरकवला तर समोरच्याला वाचता येत नाही.

मंगल कार्यालय हीच सर्वांत जमणारी जागा

महाराष्ट्रात या आकाराच्या कन्व्हेन्शनला मंगल कार्यालयासारखी दुसरी जागा नाही. त्याची रचनाच आपल्या कामाला येते. मोठा हॉल खेळायला. स्टेजवर गेम लायब्ररी मांडायची: जागा उंच असते, सगळ्यांना दिसते आणि वर जायला एक-दोनच जिने असल्याने गेम कोण नेतं यावर लक्ष राहतं. भोजनगृह वेगळं असतं, त्यामुळे वडापावचे तेलकट हात पत्त्यांपर्यंत पोचत नाहीत. आणि वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या आरपीजीसाठी, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन बोलत खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी, अगदी योग्य. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या टेबलावर सहा माणसं चार तास एकमेकांचं बोलणं ऐकत असतात. मोठ्या हॉलच्या गलबल्यात गेम मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, घसा दुसऱ्या सत्रापर्यंत बसतो. दार लावता येणारी खोली दिली की प्रश्न मिटतो. अशा चार खोल्या असतील तर एका वेळी २४ ते २८ माणसं हॉलमधून बाहेर जातात आणि हॉलही शांत होतो.

शिवाय गाद्या. बहुतेक कार्यालयांत मुक्कामाच्या खोल्या आणि गाद्या असतात. बाहेरगावच्यांची रात्रीची सोय तिथेच झाली तर त्यांचा मोठा खर्च वाचतो. महिलांसाठी आतून कडी लागणारी आणि स्वतंत्र स्वच्छतागृह असलेली वेगळी खोली असेल, आणि कार्यालयाचा राखणदार रात्री हजर असेल, तरच ही सोय जाहीर करा. आरपीजीच्या आणि मुक्कामाच्या खोल्या वेगळ्या ठेवा. झोपायच्या खोलीत दिवसभर परकी माणसं बसली की सामानाची काळजी लागून राहते.

तारीख पंचांग पाहून

तेच कार्यालय मुहूर्ताच्या दिवशी आणि बिनमुहूर्ताच्या दिवशी वेगवेगळ्या भावाला मिळतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, लग्नं कमी. पितृपक्षात तर कार्यालयं ओस पडलेली असतात. मालक घासाघीस ऐकून घेतो ते याच दिवसांत. अधिक मासाचंही तसंच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन लग्नसराईच्या उन्हाळ्यात महिनाभर हॉल मोकळे. अलीकडे काही पंचांगं चातुर्मासातही आपत्कालीन मुहूर्त देतात, म्हणून महिना ठरला तरी नेमका दिवस पंचांगात पाहूनच घ्या.

पुण्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पालख्या मुक्कामाला असतात त्या दिवसांत रस्ते बंद होतात. गणेशोत्सवात मध्यवर्ती भागात पोचणंच अवघड असतं (२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे). दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजची मुलं आणि त्यांचे पालक दोन्ही कमी येतात.

जुलै-ऑगस्टचा तोटा पाऊस. पुठ्ठा दमट हवा शोषतो, पत्ते वाकतात आणि बोर्ड सपाट बसत नाही. गेम प्लास्टिकच्या झाकणाच्या खोक्यांत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून आणा. दाराशी गोणपाट किंवा पायपुसणी पसरा आणि छत्र्यांसाठी दाराबाहेर बादल्या ठेवा. पितृपक्ष पावसाच्या शेवटाला येतो, त्यामुळे भाडं आणि हवा दोन्ही पाहता आमचा कौल त्याच पंधरवड्याला.

हॉल पाहायला संध्याकाळी जा

सकाळच्या उजेडात प्रत्येक हॉल चांगला दिसतो. संध्याकाळी सातनंतर जा, लाल, केशरी, निळी आणि जांभळी अशी चार टोकन खिशात घेऊन. कार्यालयातले दिवे फोटोसाठी पिवळसर लावलेले असतात. त्या उजेडात लाल-केशरी एकच वाटतात आणि निळं-जांभळंही. टेबलाच्या उंचीवर टोकन ठेवून चार कोपऱ्यांत आणि मधोमध रंग ओळखता येतात का पाहा. मोबाइलवरच्या लक्स मीटरने मोजलं तर ३०० ते ५०० लक्स हवेत. उजेड कमी असेल तर मंडपवाल्याकडून पांढरे एलईडी हॅलोजन भाड्याने मिळतात. ते छताकडे तोंड करून लावा, नाहीतर चकचकीत पत्त्यांवर तिरीप येते.

मग पंखे पूर्ण वेगाने लावून एक पत्ता टेबलावर ठेवा. उडाला तर त्या पंख्याखाली कागदी पैशांचा खेळ नको. एकदा टाळी वाजवून ऐका. वर पत्रा, खाली ग्रॅनाइट आणि भिंतींवर काहीच नाही अशा हॉलमध्ये आवाज घुमत राहतो, आणि शंभर माणसं बोलायला लागली की नियम समजावणाऱ्याला ओरडावं लागतं. भिंतींना मंडपाचं जाड कापड लावलं की बराच फरक पडतो.

जनरेटर किती वेळात सुरू होतो आणि त्यावर हॉलचे दिवे-पंखे दोन्ही चालतात का, हे विचारू नका, चालवून दाखवायला सांगा. आणि शेजारी लॉन असेल तर त्या दोन दिवसांत तिथे काय बुक आहे ते विचारा. भिंतीपलीकडे डीजे लागला तर तुमचा हॉल कितीही चांगला असून उपयोग नाही.

बाकीच्या जागा

गेम कॅफे वीस ते चाळीस माणसांच्या मेळाव्याला उत्तम. लायब्ररी तिथेच असते, टेबलं योग्य मापाची असतात. त्यापुढे गर्दी होते. सोसायटीचं क्लबहाउस स्वस्त, पण बाहेरची माणसं आणि तिकीटविक्री म्हटलं की कमिटीत कुणीतरी हरकत घेतंच. घ्यायचंच असेल तर कमिटीचं पत्र लेखी असू द्या. शाळांच्या वर्गांत जोडबाकं असतात, त्यांचा उतार बोर्डाला चालत नाही. कॉलेजचा मोकळा हॉल चालतो, पण विक्रेत्यांना परवानगी मिळणं कठीण आणि परीक्षेचं वेळापत्रक बदललं की बुकिंग रद्द होण्याचा धोका. नाट्यगृहात खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात, तिकडे फिरकू नका.

हॉटेलचा बँक्वेट हॉल चकचकीत असतो, एसी असतो. पण तिथे हॉलचं भाडं "माफ" करून ताटांची हमी मागतात, आणि तिथेच तिकीट फुगतं. पाचशेच्या पुढे गेलात तर गोरेगावच्या नेस्कोसारखी प्रदर्शन केंद्रं आहेत. तिथे तुम्हाला रिकामी जागा मिळते, आणि टेबल, खुर्ची, पार्टिशन, वीजजोडणी, सफाई सगळं वेगळं उभं करावं लागतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. जगातली मोठी कन्व्हेन्शनंही साध्या जागांतूनच वाढली. १९६८ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलरला घेऊन जेन कॉन भरवलं. ते दहा वर्षांनी विद्यापीठाच्या आवारात, १९८५ मध्ये मिलवॉकीच्या सभागृहात आणि २००३ मध्ये इंडियानापोलिसला गेलं. जर्मनीतल्या एसेन शहराचा श्पील हा बोर्ड गेमचा प्रचंड मेळाही १९८३ मध्ये तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्रात सुरू झाला होता.

तिकीट कसं काढायचं

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावचे भाव घालून हिशेब बदला, रीत तीच ठेवा.

हॉल, दोन दिवस, रोज २५,०००: ५०,०००
त्यावर १८ टक्के जीएसटी: ९,०००
वीज मीटरप्रमाणे आणि जनरेटर: ८,०००
सफाई: ४,०००
३० टेबलं, रोज १०० रुपये, वाहतुकीसह: ८,०००
चहा आणि पाणी: ८,०००
बिल्ले, फलक, छपाई: ६,०००
१२ कार्यकर्त्यांचं जेवण: ६,०००
गेमसाठी टेम्पो: ३,०००
ऑनलाइन पैसे घेण्याचा आकार: ३,०००

बेरीज १,०५,०००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी, म्हणजे १,१५,५००.

आता भागायचं शंभराने नाही. बारा कार्यकर्ते फुकट येतात, काही जण ऐनवेळी येत नाहीत. ८५ ने भागा. माणशी सुमारे १,३६० येतात, म्हणून दोन दिवसांचं तिकीट १,४०० ठेवा. एका दिवसाचं ७०० नव्हे, ८०० ठेवा. निम्मं ठेवलं तर सगळे शनिवारचंच घेतात, शनिवारी जागा पुरत नाही आणि रविवारी हॉल अर्धा रिकामा राहतो. चार विक्रेत्यांना टेबलामागे ३,००० आकारले तर तिकीट दीडशे रुपयांच्या आसपास खाली आणता येतं. मात्र विक्री चालेल की नाही हे कार्यालयाला आधी विचारलेलं असावं.

पाण्याचा हिशेब वेगळा करा, तो नेहमी कमी पडतो. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर शंभर जणांना वीस लिटरचे १५ जार लागतात. उन्हाळ्यात २०.

हॉटेलशी तुलना करून पाहा. शंभर ताटांची हमी, ताट ९०० रुपये, दोन दिवस: १,८०,०००. जीएसटी धरून २,१२,४००. टेबलं, छपाई, टेम्पो आणि राखीव रक्कम मिळवली की तिकीट तीन हजारांच्या आसपास जातं. त्यात दोन जेवणं येतात हे खरं, पण विद्यार्थी त्या आकड्यालाच परत फिरतो, आणि विद्यार्थी नसले तर कन्व्हेन्शन चार वर्षांत म्हातारं होतं.

येणाऱ्याच्या खिशातून

नाशिकहून पुण्याला येणारा खेळाडू घ्या. साध्या एसटीचं तिकीट एका बाजूला साधारण साडेतीनशे, जाऊन-येऊन ७००. दोघांत घेतलेली लॉजची खोली १,५००, म्हणजे माणशी ७५०. दोन दिवसांचं खाणं ८००. हॉल एसटी स्टँड आणि लॉजच्या जवळ असेल तर रिक्षाला ३००. तुमचं तिकीट १,४००. एकूण ३,९५०. महिलांना एसटीत निम्मं भाडं असल्याने त्यांना ३,६०० पडतात. मुक्काम कार्यालयातच, माणशी २०० रुपयांत झाला तर आणखी ५५० वाचतात.

आता समजा हायवेलगतचं कार्यालय रोज ७,५०० ने स्वस्त मिळतंय. जीएसटीसह दोन दिवसांत १७,७०० वाचले, म्हणजे तिकिटामागे दोनशे रुपये. पण तिकडे बस जात नाही, आणि शनिवार-रविवार मिळून कॅबच्या चार फेऱ्या, फेरीला ३५०, म्हणजे १,४०० होतात. आधी ३०० लागत होते. दोनशे वाचवण्यासाठी त्याचे अकराशे गेले. वर रात्री दहाला कॅब मिळेना म्हणून तो शेवटचा खेळ अर्धा सोडून निघणार. म्हणून जागा शोधताना नकाशावर एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशन मध्यभागी धरून तीन किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्याच्या आतली कार्यालयं आधी पाहा. मुंबईकरांना पुणं रेल्वेने स्वस्त पडतं, सेकंड सीटिंगला शे-सव्वाशे रुपये, पण आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तारीख किमान तीन महिने आधी जाहीर करण्याचं खरं कारण हेच.

जाहिरातीत नुसतं तिकीट छापू नका. "नाशिकहून येणाऱ्याला साधारण इतके, कोल्हापूरहून इतके" असा तक्ता द्या, जवळच्या दोन-तीन लॉजचे दर द्या, शेवटची बस किती वाजता ते द्या. रविवारचा शेवटचा खेळ पाचला संपवा. सोमवारी कामावर जायचं असतं, आणि दोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता पुढे असतो.

एसेनला जाणाऱ्या मराठी खेळाडूंनाही हीच मोजणी लागू. तिथे तर तिकिटापेक्षा हॉटेल महाग पडतं. मेळ्याच्या आठवड्यात एसेनमधले दर चढतात, म्हणून ड्यूसबुर्ग, बोखुम किंवा ड्युसेलडॉर्फला राहून रेल्वेने यावं. एसेनच्या मुख्य स्टेशनवरून यू११ ही शहरी रेल्वे थेट प्रदर्शन केंद्रापर्यंत जाते. भारतातून जाणाऱ्याने शेंगेन व्हिसाचे ९० युरो आणि परतीच्या बॅगेतलं वजन हिशेबात धरावं.

लेखी काय घ्यायचं

कार्यालयाचा "दिवस" किती वाजता सुरू होतो ते आधी लिहून घ्या. आदल्या रात्रीचं कार्य उशिरा संपलं तर सकाळी सात वाजता हॉलमध्ये फुलांचा आणि पत्रावळ्यांचा खच असतो, आणि टेबलं मांडायला तुम्हाला दोन तास हवे असतात. शक्यतो आदल्या संध्याकाळपासून ताबा मागा. बाहेरचा केटरर चालेल का, चालत असेल तर कार्यालय त्याच्याकडून किती घेणार, विजेचं युनिट कोणत्या दराने, रद्द झाल्यास अनामत किती परत, हेही पावतीवर असू द्या.

आणखी एक वाक्य आवर्जून घाला: "कार्यक्रमात पैसे लावून कोणताही खेळ खेळला जाणार नाही." पत्ते आणि रंगीत चिप्स दिसल्या की मालकाला आधी जुगार आठवतो, आणि राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. बुकिंगला जाताना एखादा गेम सोबत नेऊन मालकाला उघडून दाखवा, आणि कार्यक्रमाची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. खेळाडूंनाही गुणमोजणीसाठी पोकर चिप्सऐवजी गेममधलेच पैसे वापरायला सांगा.

गेम परत येतात, तुकडे येत नाहीत

लायब्ररीतला गेम देताना ओळखपत्राऐवजी बिल्ला ठेवून घ्या. कुणाचं आधार कार्ड तुमच्या टेबलावर पडून राहू नये. प्रत्येक डब्यावर आतल्या तुकड्यांची यादी चिकटवा. पण गर्दीत यादी कुणी मोजत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा आणा. शनिवारी सकाळी, त्याच हॉलमध्ये, प्रत्येक डबा वजन करून आकडा झाकणाच्या आत लिहा. परत आला की पुन्हा काट्यावर ठेवा. एका पत्त्याचं वजन साधारण पावणेदोन ग्रॅम असतं, म्हणजे एखाद-दुसरा पत्ता गेला तर काट्यावर खात्रीने कळणार नाही. पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तरच डबा उघडून मोजा, आणि तोवर खेळणाऱ्यांना थांबवून ठेवा, कारण तुकडा तेव्हा टेबलाखालीच असतो. दमट हवेत पुठ्ठ्याचं वजन वाढतं, त्यामुळे घरी केलेलं वजन उपयोगाचं नाही.

रविवारी झाडलोट सुरू व्हायच्या आधी दोघांनी टॉर्च घेऊन सगळ्या टेबलांखाली फिरावं, विशेषतः पंख्यांच्या वाऱ्याने कागद जिथे साचतात त्या भिंतींच्या कडेने. मग मीटरचं रीडिंग मालकाच्या माणसासमोर घ्या, फोटो काढा, अनामत तिथल्या तिथे परत घ्या, आणि त्यानंतरच टेम्पो भरा.